गिब गच्च आवळून अर्धा फेरा सोडायचा? स्लाइडची वाट लागेल

साकीनाका-कुर्ल्याच्या गाळ्यांतून एक सल्ला मोबाइलवर फिरतोय: "जुन्या लेथच्या हँडलला प्ले आलाय, काम थरथरतंय? क्रॉस स्लाइडच्या गिबचे सगळे स्क्रू गच्च आवळा, मग अर्धा फेरा सोडा, वर ग्रीस भरा. लेथ नव्यासारखा." यातलं एकही वाक्य धड नाही. क्रॉस स्लाइड म्हणजे टूल कामाकडे आडवं नेणारा सरकता भाग, आणि गिब म्हणजे त्याच्या खाचेतला ढिलेपणा भरून काढणारी पट्टी.

"हँडलला प्ले म्हणजे गिब ढिली." हँडल उलटं फिरवल्यावर स्लाइड हलायच्या आधी जी चाल फुकट जाते, तो स्क्रू आणि नटमधला बॅकलॅश. गिब आवळून तो जात नाही, उलट जड स्लाइड ओढताना झिजलेला नट आणखी झिजतो. गिबच तपासायची तर डायल गेजचा मॅग्नेटिक बेस सॅडलवर (स्लाइडखालच्या भागावर) ठेवा, डायलचं टोक स्लाइडच्या कडेला टेकवा, आणि टूलपोस्ट धरून एकदा हेडस्टॉककडे (डावीकडे), एकदा टेलस्टॉककडे (उजवीकडे) दाबा. काटा 0.01 मिमीच्या आत राहिला तर गिबला हात लावू नका. बॅकलॅशसाठी नट बदला. तोवर माप नेहमी एकाच दिशेने घ्या. पुढे गेलात तर अर्धा फेरा मागे येऊन पुन्हा पुढे या.

"अर्धा फेरा सोडा." एम6 स्क्रूचा पिच 1 मिमी, म्हणजे अर्ध्या फेऱ्यात 0.5 मिमी. आपलं भांडण 0.02 मिमीशी! तेवढ्याला सात अंश पुरतात, घड्याळाच्या मिनिटकाट्याची सव्वा मिनिटाची चाल. अर्धा फेरा सोडला की पट्टी आत खुळखुळणार.

"सगळे गच्च आवळा." स्क्रूच्या टोकाखाली पट्टीत खड्डे पडतात, पट्टी वाकते, आणि पुढच्या वेळी टोक त्याच खड्ड्यात घसरतं. त्यापेक्षा स्लाइड काढून रॉकेलने धुवा, डोव्हटेलच्या (स्लाइडच्या तिरक्या खाचेच्या) कोपऱ्यातला कीस काढा, तेल लावून बसवा. हँडलचा फीड स्क्रू नटमधून सोडवून स्लाइड हाताने सरकेल अशी ठेवा. मग एकेक स्क्रू, हाताला जरासा अटकाव लागेपर्यंतच. लॉकनट आवळताना स्क्रू अॅलन कीने धरून ठेवा, नाहीतर तोही सोबत फिरतो आणि केलेलं सेटिंग वाया जातं. प्रत्येक लॉकनटनंतर स्लाइड पुन्हा सरकवून बघायची; कंटाळवाणं आहे, पण दुसरा मार्ग नाही.

जुन्या स्लाइडची झीज सारखी नसते. जिथे रोज काम होतं तिथे ती जास्त घासलेली, टोकांना जवळपास नवी. घासलेल्या जागी बरोबर बसवली की टोकाला अडकणार. पूर्ण चाल हवी असेल तर अडकते तिथे सेट करा आणि मधला ढिलेपणा सहन करा. तो स्क्रॅपिंगशिवाय, म्हणजे पृष्ठभाग हाताने खरवडून सपाट केल्याशिवाय, जात नाही. पार्टिंगला (काम कापून वेगळं करताना) थरथर येत असेल तर आधी कंपाउंडला, म्हणजे क्रॉस स्लाइडवरच्या छोट्या स्लाइडला, लॉक असेल तो आवळा. बऱ्याचदा गुन्हेगार कंपाउंडच असतो.

ग्रीस? त्यात बीडाची पूड अडकून ग्राइंडिंग पेस्ट तयार होते. 68 ग्रेडचं स्लाइडवे ऑइल वापरा. पावसाळ्यात दिवस संपताना पुसून नवा हात द्या, नाहीतर सोमवारी गंज दिसेल.

आणि गिब टेपर, म्हणजे पाचरीसारखी एका टोकाला बारीक, असेल तर या सल्ल्याचा संबंधच नाही. तिला दोन टोकांना दोनच स्क्रू. बारीक टोकाचा आधी सोडा, जाड टोकाचा थोडा फिरवून पट्टी आत ढकला, मग बारीक टोकाचा परत टेकवा. टेपर 1:50 असेल तर 1 मिमी सरकवल्यावर जेमतेम 0.02 मिमी भरतं.