पूल मेला म्हणताय? आधी फोटो तरी बरोबर लावा

गेल्या दोन आठवड्यांत एकच फॉरवर्ड मला चार ग्रुपांवर आलाय, शाळेच्या, सोसायटीच्या, मामेभावांच्या आणि आमच्या फुटबॉलवाल्यांच्या. वर मोठ्या अक्षरात 'पूल : एक मेलेला खेळ' (पूल म्हणजे टेबलावर काठीनं बॉल कडेच्या होलमध्ये मारायचा तो खेळ) आणि खाली पाच मुद्दे. पार्लर बंद पडतायत म्हणजे खेळ संपला, मोबाईलनं पोरांना टेबलापासून तोडलं, खेळात पैसा नाही, खेळणारे सगळे दारुडे नाहीतर जुगारी, आणि गोव्यात तर फक्त टुरिस्ट खेळतात. सोबतचा फोटो बघितलात? बारा फुटी टेबल आणि पंधरा लाल बॉल. पात्रांव, ते स्नूकर! आपल्याच जबलपुरात १८७५ च्या सुमारास ब्रिटिश फौजी अधिकाऱ्यांनी काढलेला खेळ तो. मयत पूलची आणि फोटो शेजाऱ्याचा, असला प्रकार झाला.

मी काय मोठा प्लेयर नाही. शनिवारी संध्याकाळी म्हापशात दोन तास खेळतो, बहुतेक वेळा हरतो, आणि हरेल त्यानं टेबलाचे पैसे भरायचे हा नियम असल्यामुळे या खेळाच्या अर्थकारणाचा मला चांगला अनुभव आहे.

तर पहिला मुद्दा, पार्लर बंद पडतायत. हो, पडतायत, माझ्या डोळ्यांसमोर दोन बंद झाली. पण का ते बघा ना जरा. आठ फुटी टेबल घेतलं तर खेळायची जागा ८८ बाय ४४ इंच, क्यू म्हणजे खेळायची काठी साधारण ५८ इंचाची, ती चारही बाजूंनी मागे घेता आली पाहिजे, नाहीतर प्रत्येक शॉटला कोपर भिंतीला. म्हणजे एका टेबलाला १७ बाय साडेतेरा फूट, सव्वादोनशे चौरस फूट आले. तेवढ्याच जागेत कॅफेवाला चार खुर्च्यांची पाच टेबलं टाकतो. आमच्याकडे तासाचे दीडशे घेतात, टेबल दिवसात सहा तास चाललं (रोज चालत नाही) तर नऊशे रुपये, त्यातून लाईट, एसी, पोऱ्याचा पगार, वर्षा-दोन वर्षांनी नवीन कापड. कॅफेवाल्याचे नऊशे दुपारच्या आत सुटतात. आणि म्हापसा-पर्वरीत गाळ्याचं भाडं कुठं पोचलंय ते ज्यानं शोधलंय त्यालाच विचारा, मी सांगितलं तर खोटं वाटेल. बंद झालेल्या दोनपैकी एका जागी आता फार्मसी आहे. तिथली टेबलं कुठं गेली? दोन गल्ल्या सोडून, पहिल्या मजल्यावर, मागच्या जिन्यानं, जिथं भाडं निम्मं आहे. रस्त्यावरून दिसत नाही म्हणून फॉरवर्ड लिहिणाऱ्याला वाटलं खेळ गेला.

इंग्लंडमध्येही पबांतली टेबलं कमी झालीत, खरं आहे, पण तिथं आख्खे पबच बंद पडतायत, टेबलाबरोबर डार्टबोर्डही गेला की. आणि या खेळाच्या मरणाची बातमी काय पहिल्यांदा येत नाहीये. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर हॉल ओस पडले होते, १९६१ ला पूलवरचा एक सिनेमा आला आणि पुन्हा गर्दी झाली, नंतर पुन्हा ओहोटी, १९८६ ला त्याचाच पुढचा भाग आला आणि पुन्हा भरती. आमच्या किनाऱ्यावरच्या माणसाला ओहोटी बघून समुद्र आटला असं वाटत नाही, एवढंच म्हणतो.

दुसरा मुद्दा मोबाईलचा, आणि इथं तर उलटंच घडतंय. मिनिक्लिप कंपनीचा 'एट बॉल पूल' हा गेम २०१० मध्ये आला, आणि नंतर कोट्यवधी फोनांत जाऊन बसलाय. माझ्या लहानपणी पूलचे नियम शिकायला कुणीतरी मोठा दादा लागायचा आणि तो आधी तुमच्या पैशानं चार फ्रेम खेळून घ्यायचा. आताची पोरं नियम पाठ करून येतात. मागच्या महिन्यात सोळा-सतरा वर्षांचा एक पोरगा पहिल्यांदाच आला होता, आल्या आल्या एकरंगी सॉलिड कुठले, पट्ट्यांचे स्ट्राइप कुठले, ब्लॅक कधी मारायचा, सगळं तोंडपाठ, मला म्हणतो अंकल हा फाउल झाला, बॉल इन हँड द्या, म्हणजे पांढरा बॉल मी हवा तिथं ठेवणार. बरोबर होता! मग वाकला, नेम धरला, आणि थांबला. म्हटलं काय झालं रे? तर हसून म्हणतो, लाईन दिसत नाही. अ‍ॅपमध्ये बॉल कुठं जाणार त्याची पांढरी रेघ येते ना, ती. नंतर स्पिन द्यायला गेला, क्यूच्या टोकाला, टिपला, चॉक लावायचं असतं हे त्याला ठाऊकच नव्हतं, क्यू सटकली आणि पांढरा कसाबसा वीतभर सरकला. पोरगा लाजला, पण दुसऱ्या शनिवारी परत आला, दोन मित्र घेऊन. मोबाईलनं तोडलेलं गिऱ्हाईक असं असतं होय?

पैसा नाही म्हणे. २०२५ च्या जुलैत जेद्दाहला वर्ल्ड पूल चॅम्पियनशिप झाली, एकूण बक्षीस १० लाख डॉलर, जिंकणाऱ्याला अडीच लाख डॉलर, आपले दोन कोटींच्या वर. जिंकला फिलिपिन्सचा कार्लो बियाडो, फायनलला फेडोर गोर्स्टला १५-१३ नं हरवून. हा माणूस पूर्वी गोल्फ कोर्सवर लोकांच्या पिशव्या उचलायचा.

आता हे भारतात होतं का? नाही, आणि इथं मी त्या फॉरवर्डवाल्याला थोडे मार्क देतो. आपली मोठी नावं पूलची नाहीतच. १९५८ ला जग जिंकणारे पुण्याचे विल्सन जोन्स बिलियर्ड्सचे, पुण्यातच जन्मलेला पंकज अडवाणी बिलियर्ड्स आणि स्नूकरमध्ये मिळून २८ वेळा जगज्जेता. पूल खेळून पोट भरणारा माणूस आपल्याकडे शोधावा लागेल. पण खरं सांगू, त्यांच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा त्यांनी घातलाच नाही. क्यूचे खेळ (बिलियर्ड्स, स्नूकर, पूल) १९९८ च्या बँकॉक एशियाडपासून २०१० च्या ग्वांगझूपर्यंत होते, पूलसकट, आणि नंतरच्या एशियाडांतून काढून टाकले. आपल्याकडे एशियाडचं मेडल नसलं की सरकार ढुंकून बघत नाही, स्पॉन्सरही नाही. घाव बसलाय तो तिथं. वाद घालायचा तर हे घेऊन या, निदान बरोबरीत तरी सुटेल.

दारुडे-जुगारी यावर फार लिहीत नाही. मांडवीत कसिनोची जहाजं उभी आहेत आणि आम्ही दीडशे रुपये तासाच्या टेबलाकडे बघून नाक मुरडायचं, हे गोव्यातल्या माणसानं तरी बोलू नये. पैसे लावायचा पूल खरा चालायचा तो फोनवर, आणि त्या असल्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं कायदाच करून बंदी आणली. आमच्या पार्लरात दारू मिळत नाही, सोडा आणि भजीपाव मिळतो, तोही खाली गाड्यावरून मागवावा लागतो आणि हात पुसल्याशिवाय क्यूला हात लावू देत नाहीत.

राहिला टुरिस्ट. हणजूण-हरमलच्या बारमध्ये बघून कुणी हा मुद्दा लिहिला असणार, तिथली टेबलं खरोखरच डिसेंबरच्या गिऱ्हाइकासाठी असतात, खाऱ्या हवेनं कापड गेलेलं, कडेचं एक रबरी कुशन मेलेलं, क्यू तर केळीच्या घडासारख्या वाकड्या. मे संपला की शॅक मोडतात आणि त्या टेबलांवर ताडपत्री पडते. आमचा सीझन तेव्हा चालू होतो. जुलैत मैदानावर गुडघाभर चिखल, फुटबॉल बंद, गिरी, थिवी, अस्नोडा कुठनं कुठनं पोरं रेनकोट घालून येतात, जिन्यात छत्र्यांचा ढीग. ओल धरून कापड जड होतं, बॉल होलच्या तोंडाशी येऊन दम टाकतो, मालक दिवसभर एसी चालू ठेवतो आणि विजेचं बिल आलं की आम्हाला वाचून दाखवतो. काउंटरजवळ एक पाटी आहे, तिच्यावर खडूनं नंबर लावायचा. गेल्या पावसात एका शनिवारी मी सात वाजता पोचलो तर माझ्या आधी नऊ नावं होती, त्यातली दोन मुलींची, आणि टुरिस्ट एकपण नाही. माझा नंबर लागला साडेनऊला. हरलोच, दीडशे भरून भिजत घरी गेलो.