जादू असूनही घट्ट विणलेली कथा
किशोरांच्या चित्रकादंबरीत जादू आली की कथानक सैल पडते, हे एका लेखात मांडलेले मत सरसकट मान्य करता येत नाही. २०१४ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘लंबरजेन्स’ या चित्रकथा-मालिकेत मुलींच्या उन्हाळी शिबिरातील पाच मैत्रिणी अद्भुत प्राण्यांशी झुंजतात. पण गुहेतील कसोटीच्या प्रसंगी त्यांना तारते ती फिबोनाची संख्या (प्रत्येक संख्या म्हणजे आधीच्या दोन संख्यांची बेरीज, अशी मालिका) ओळखण्याची हुशारी, आणि दगडी पुतळ्याशी पंजा लढवण्याची त्यांच्यातल्या एप्रिलची धमक. कथेच्या आरंभी शिबिराच्या नियमपुस्तिकेचे पान येते आणि पुढे त्याच शिस्तीची यथेच्छ वाट लागते, हा खट्याळपणा मला विशेष भावला. आठ अंकांपुरती योजलेली ही मालिका ७५ अंक चालली. चित्रकथांसाठी दिले जाणारे २०१५ चे दोन आयस्नर पुरस्कारही तिला उगाच मिळाले नाहीत. मालिकेच्या लांबलेल्या उत्तरार्धाबाबत मात्र त्या लेखाच्या लेखकाची तक्रार काहीशी रास्त वाटते.