डोक्यावरून बोर्ड झालेल्या भावांनो, परतीचा अर्ज लिहिण्याआधी बोर्डाचे कागद वाचा

पारोळा, अमळनेर, चाळीसगाव, साक्री, शिंदखेडा. आपल्या खान्देशात फौजेत पोरं पाठवणाऱ्या गावांना तोटा नाही. पायाला गोळी लागून घरी आलेल्याचा गाव सत्कार करतं. मानसिक आजारावरून बोर्ड होऊन, म्हणजे फौजेच्या डॉक्टरांच्या मंडळानं अनफिट ठरवून, घरी आलेल्याबद्दल पारावर एकच वाक्य निघतं, "तेनं डोकं फिरनं." ते पुसायचा त्या पोराला एकच उपाय दिसतो, पुन्हा वर्दी. मग कोणी अग्निवीरचा फॉर्म भरतो, कोणी एजंटाच्या नादी लागतो, कोणी "मी आता फिट आहे" दाखवायला गोळ्या बंद करतो. तिन्ही गोष्टी घात करतात. परतीचा रस्ता आहे. तो अरुंद आहे, पण नियमात लिहिलेला आहे.

आधी आपण नेमके कसे बाहेर पडलो ते कळलं पाहिजे. फौजेत मेडिकल कॅटेगरी 'शेप' या पाच अक्षरांनी ठरते आणि त्यातलं पहिलं अक्षर, एस, मनाचं. एस-१ म्हणजे पूर्ण फिट, एस-५ म्हणजे नोकरीला अनफिट. या दोन्हींच्या मधल्या कॅटेगरीत बंधनांसह नोकरी चालू राहते, हत्यार आणि एकट्याची ड्युटी बहुतेक वेळा बंद होते आणि ठरलेल्या मुदतीनं, कॅटेगरी तात्पुरती असेल तर साधारण २४ आठवड्यांनी, पुन्हा तपासणी होते. अनफिट ठरवून घरी पाठवायचं तर इन्व्हॅलिडिंग मेडिकल बोर्ड बसावं लागतं. त्याची कार्यवाही एएफएमएसएफ-१६ या फॉर्मवर असते. हा फॉर्म हातात नसेल तर पुढचं सगळं बोलणं हवेतलं आहे.

बहुतेक घरांत डिस्चार्ज बुक रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवलेलं असतं, पण हा फॉर्म नसतो. तो आपल्या रेकॉर्ड ऑफिसकडे, म्हणजे रेजिमेंटचे नोकरीचे कागद जिथे असतात तिथे, माहिती अधिकारात मागा. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महारचं सागरला, तोफखान्याचं नाशिकरोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. सोबत एएफएमएसएफ-१० सुद्धा मागा. मानसोपचारासाठी पाठवताना कमांडिंग ऑफिसर तुमच्या वागण्याबद्दल जो रिपोर्ट देतो, तो हा. "दारू जास्त घेतो", "एकटा राहतो", "घरगुती भांडणं" अशी एखादी ओळ त्यात असते आणि पुढचं प्रत्येक बोर्ड ती वाचतं. मिलिटरी हॉस्पिटलचे कागद आणि मानसोपचार तज्ज्ञाचा अंतिम अभिप्राय हेही मागायचे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ च्या कलम २५ नं रुग्णाला स्वतःच्या उपचाराचे कागद मागण्याचा हक्क दिला आहे, त्याचा अर्जात उल्लेख करा.

फॉर्म आला की दोन जागा बघा. एक, निदान आणि त्यापुढचा आजाराचा आंतरराष्ट्रीय कोड. एफ ४३.२ म्हणजे समायोजनाचा विकार, बदली, घरचं मरण, वरिष्ठांशी तणाव अशा कारणानं आलेला. वैद्यकशास्त्राच्या व्याख्येतच हा साधारणपणे कारण संपल्यावर सहा महिन्यांत ओसरतो. एफ ३२ नैराश्य, एफ १० दारू, एफ २० स्किझोफ्रेनिया, एफ ३१ बायपोलर. परत जाण्याचं बोलायचं तर पहिल्याचा दावा सगळ्यांत भक्कम. शेवटच्या दोघांसाठी मी स्पष्ट लिहितो, वर्दीच्या मागे लागून उपचार पणाला लावू नका. तिथली लढाई डिसॅबिलिटी, म्हणजे अपंगत्वाच्या, पेन्शनची आहे आणि ती जिंकता येते.

दुसरी जागा म्हणजे आजार नोकरीमुळे झाला किंवा वाढला का, या प्रश्नाचं उत्तर. पेन्शनचा दावा यावरच उभा राहतो. तिथे बहुधा "नाही" असतं आणि कारणाच्या रकान्यात एक ओळ, की आजार सुरू झाला तेव्हा पोस्टिंग शांत ठिकाणी होती. एवढंच. सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात सांगितलं, की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर आजार नोकरीमुळे झाला असं धरायचं आणि उलट सिद्ध करायचं ते सरकारनं. त्याच वर्षी स्किझोफ्रेनियाच्या एका प्रकरणात, बोर्डानं कारणं लिहिली नाहीत म्हणून कोर्टानं नव्या बोर्डाचा आदेश दिला. मात्र २०१९ मध्ये त्याच आजारावर निकाल सैनिकाच्या विरुद्धही गेला, असा आजार भरतीच्या तपासणीत दिसत नाही म्हणून. त्यामुळे "केस पक्की आहे" म्हणणाऱ्या वकिलाला २०१९ चा निकाल माहीत आहे का, ते विचारा. २१ सप्टेंबर २०२३ नंतर बोर्ड झालेल्यांना नवे नियम लागतात, जुने निकाल त्यांना जसेच्या तसे चिकटवू नका.

आता परतीचं. सेनेच्या १९८७ च्या रेग्युलेशन्समधला परिच्छेद १४३ याच विषयावर आहे. डिसॅबिलिटी पेन्शन घेणाऱ्याला पुन्हा भरती करत नाहीत. पेन्शन न मिळालेला, किंवा अपंगत्व २० टक्क्यांखाली आलं म्हणून पेन्शन थांबलेला माणूस मात्र पात्र होऊ शकतो. आजार पूर्ण गेला असा दावा करायचा, रिक्रूटिंग मेडिकल ऑफिसर तपासतो, त्याला फिट वाटलं तर रिक्रूटिंग ऑफिसमार्फत रेकॉर्ड ऑफिसला अर्ज जातो, रेकॉर्ड ऑफिस नवं मेडिकल बोर्ड बसवतं. बोर्डानं फिट म्हटलं तरी वय, जागा आणि एकूण योग्यता बघतात. खरी अडचण तिथेच येते. कागद फिरेपर्यंत वय निघून जातं. जळगावकरांचं भरती कार्यालय छत्रपती संभाजीनगरला, धुळे-नंदुरबारचं मुंबईला, प्रत्येक फेरीला एक दिवस जातो तो वेगळाच.

काही जण विचारतात, पेन्शन सोडली तर घेतील का? हे करू नका. २००१ पासून कायमच्या अपंगत्वाची टक्केवारी जन्मभरासाठी धरतात, फेरतपासणी तुम्ही स्वतः मागितली तरच होते. म्हणजे आपल्याच हातानं टक्के कमी करून घ्यायचे, पेन्शन घालवायची आणि पुढे वयात किंवा जागेत अडकायचं. घरात दोन लेकरं असताना हा सौदा कोणी सुचवला तर तो तुमचा माणूस नाही.

टेरिटोरियल आर्मी (अर्धवेळ फौज) आणि डीएससी (माजी सैनिकांना घेणारं डिफेन्स सिक्युरिटी कोअर) या दोन वाटाही लोक सांगतात. दोन्हीकडे शेप-१, म्हणजे पाचही अक्षरांत १, लागतं, त्यामुळे डोक्यावरून बोर्ड झालेल्याला तो आडरस्ता नाही.

पुन्हा भरती होणं वेगळं आणि चुकीचा डिस्चार्ज रद्द करून घेणं वेगळं. इन्व्हॅलिडिंग बोर्ड न बसवताच लो मेडिकल कॅटेगरीवर, म्हणजे शेप-१ च्या खालच्या कॅटेगरीवर, घरी पाठवलं असेल, तर २००८ चा सुप्रीम कोर्टाचा राजपाल सिंग निकाल तुमच्या बाजूनं आहे. तिथे भरती कार्यालयाचं काम नाही, सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ गाठायचं. अंतिम आदेशापासून मुदत सहा महिने. पेन्शनच्या दाव्यात उशीर झाला तरी दार बंद होत नाही, पण थकबाकी साधारण तीनच वर्षांची मिळते. नोकरीत परत घ्या या मागणीला मात्र उशीर फार नडतो.

बोर्ड लपवून अग्निवीरचा फॉर्म भरणाऱ्यांनी आर्मी ॲक्टचं कलम ४४ वाचावं. भरतीच्या वेळी खोटं उत्तर दिलं तर पाच वर्षांपर्यंत कैद. आधीची नोकरी फॉर्मवर विचारतात, रेकॉर्ड कुठे जात नाही.

गोळ्यांबद्दल. नव्या बोर्डासमोर "रुग्ण आता ठीक आहे" या एका ओळीच्या दाखल्याला वजन नाही. लागतो तो सलग लिहिलेला इतिहास. कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, कमी करायला कधी घेतली, कोणत्या डॉक्टरनं, बंद झाल्यावर किती महिने त्रास नाही, त्या काळात काय काम केलं, झोप कशी. दारूचं निदान असेल तर गॅमा जीटी आणि एमसीव्ही या दारूचा परिणाम दाखवणाऱ्या रक्त तपासण्यांचे ठरावीक अंतराने केलेले रिपोर्ट. हा इतिहास धुळ्याच्या किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार ओपीडीत एकाच केसपेपरवर तयार होऊ शकतो. मनानंच गोळी सोडली की चक्कर, चिडचिड, झोपमोड सुरू होते. बायपोलरवरचं लिथियम अचानक सोडलं तर आजार उलटण्याचा धोका मोठा. मग आजार नोकरीतल्या ताणाचा होता हा तुमचा मुद्दाही कमजोर होतो, कारण तो घरी बसून पुन्हा आलेला दिसतो.

घरच्यांना एक सांगणं आहे. पोरगा रात्र-रात्र जागा असेल, बोलणं बंद केलं असेल, तर अर्ज-बिर्ज आठ दिवस बाजूला ठेवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. सेनादलांसाठी त्याचा वेगळा कक्ष १ डिसेंबर २०२३ पासून पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सेनादलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, आहे. पोराशेजारी बसून नंबर तुम्हीच लावा. रेकॉर्ड ऑफिसचं पाकीट त्यानंतर फोडलं तरी चालेल, फक्त ते ज्या तारखेला आलं ती पाकिटावर लिहून ठेवा आणि फार दिवस ठेवू नका, सहा महिने आतल्या आदेशाच्या तारखेपासून मोजतात.