विनोदी कादंबरीचा सिनेमा झाला की माती होते म्हणे

तो फॉरवर्ड परत फिरतोय. विनोदी कादंबरीवर सिनेमा काढूच नये म्हणे, कारण विनोद लेखकाच्या निवेदनात असतो आणि तो पडद्यावर येत नाही, वर अर्धी पात्रं कापतात, आणि स्टार घेतला की माणूस जाऊन हिरो उरतो. ठोकून देतो ऐसा जे! रिचर्ड रुसोची ‘नोबडीज फूल’ घ्या, कादंबरी १९९३ची, रॉबर्ट बेंटनचा सिनेमा १९९४चा. न्यूयॉर्क राज्यातलं नॉर्थ बाथ, उतरती कळा लागलेलं गाव, तिथला साठीचा सली (पडद्यावर पॉल न्यूमन), गुडघा कामातून गेलाय तरी मिळेल ती बांधकामाची कामं करतो आणि ज्या बाईंनी आठवीला शिकवलं त्या मिस बेरिलच्याच घरात भाड्याने राहतो.

आता निवेदनाचं. रुसोचं निवेदन भारी आहे, वादच नाही, पण हसू येतं ते माणसांच्या खुन्नसमुळे. सलीला बांधकामाची कामं देणारा ठेकेदार कार्ल कामाचे पैसे देत नाही म्हणून सली त्याचा बर्फ उडवायचा स्नोब्लोअर उचलून आणतो, कार्ल तो परत पळवतो, मग सली स्वतःच्या दुखण्याच्या गोळ्या राखणीच्या कुत्र्याला चारून पुन्हा उचलतो, आणि हे सगळं चालू असताना दोघं रोज एकाच बारमध्ये बसून पत्तेही खेळतात. यात निवेदक कुठे लागतोय? किंवा तो रेमर पोलीस (तरुण फिलिप सीमोर हॉफमन, बघाच), सली फुटपाथवरून गाडी घालतो म्हणून हा गडी चक्क पिस्तूल काढून बार उडवतो, सली त्याला एक ठेवून देतो, आणि कोर्टात जजसाहेब सली राहिला बाजूला, पोलिसावरच भडकतात.

पात्रं कापली हे मात्र खरंय. सलीचं रूथ नावाच्या विवाहित बाईशी वर्षानुवर्षं चाललेलं प्रकरण सिनेमात गायब आहे, आणि त्यामुळे पडद्यावरचा सली पुस्तकातल्यापेक्षा जरा जास्तच गुणाचा वाटतो, हे मला आजही खटकतं. पण साडेपाचशेच्या आसपास पानं दोन तासांच्या आत बसवायची तर काहीतरी जाणारच ना, आणि माती झाली म्हणावं तर रुसोनेच पुढे याच बेंटनबरोबर बसून ‘ट्वायलाइट’ (१९९८) लिहिला, त्यातही पॉल न्यूमनच. एवढा राग असता तर कशाला बसला असता.

स्टारचा मुद्दा तर एकदमच फुसका. न्यूमन देखणा आहे, मान्य, पण सलीही असा माणूस आहे की वागणं कितीही गाढवासारखं असो, बायका त्याचे लाड करतात, ते पटायला तो चेहरा कामीच येतो. लंगडणं बघा, कुठे सहानुभूती मागत नाही. ऑस्करला त्याचं आणि बेंटनच्या पटकथेचं दोन्ही नॉमिनेशन झालं, दोन्ही ‘फॉरेस्ट गम्प’ने खाल्ली.

आणि काहीच न कापता केलं तर काय होतं तेही बघायला मिळतं. रुसोच्या पुलित्झरवाल्या ‘एम्पायर फॉल्स’वर एचबीओने २००५ला मालिका केली, पटकथा खुद्द रुसोची, न्यूमनही आहे, हॉफमनही आहे, तीन तासांच्या वर लांबी. पुस्तकाशी इमान आहे, पण मला तरी दुसऱ्या भागात जांभया आल्या.