कच्च्या अंड्यांवर रमचा उतारा?
एगनॉगमध्ये, म्हणजे अंडी, दूध आणि साखरेच्या नाताळच्या पेयात, रम घातली की कच्च्या अंड्यांची चिंता उरत नाही, हे तुमच्या एगनॉगवरील लेखातील विधान मला पटले नाही. कच्च्या अंड्यांतून विषबाधा करू शकणारे साल्मोनेला जिवाणू मद्यामुळे लगेच मरत नाहीत. म्हणूनच अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन अंडी-दुधाचे मिश्रण ७१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवण्यास सांगते.

न्यू जर्सीतील आमच्या घरी नाताळात हे पेय मुलेही पितात, त्यामुळे रमचा प्रश्नच येत नाही. साखरेबरोबर फेटलेल्या बलकात मी गरम दूध पळीपळीने, सतत ढवळत ओतते आणि मिश्रण चमच्याच्या पाठीवर थर धरेपर्यंत मंद आचेवर शिजवते. पहिल्या वर्षी घाईने सगळे दूध एकदम ओतले, तेव्हा गोड भुर्जीच हाती आली होती. जायफळ मात्र, लेखात म्हटल्याप्रमाणे, ऐन वेळी किसलेलेच हवे.