तेल बघायचंय, परवानगी मिळेल का?

गाडी माझी. पैसे मी मोजले, विमा मी भरतो, बर्फात काच मी खरवडतो. आणि तिच्या गिअरबॉक्समध्ये तेल किती आहे एवढं बघायचं, तर मला चालू इंजिनाखाली पाठीवर आडवं होऊन, तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपशेजारी मनगट भाजून घ्यावं लागतं. हे ज्याने कागदावर काढलं त्याला एकदा माझ्यासोबत त्या ट्रकखाली झोपवायचंय. फक्त दहा मिनिटं.

तर झालं असं. ओहायोत घराचं काम काढलं, लाकडं-विटा आणायला सेकंडहँड पिकअप घेतला. २०११ चं मॉडेल, सहा गिअरचा ऑटोमॅटिक, १,१२,००० मैल पळालेला, म्हणजे आपल्या हिशेबात १,८०,००० किलोमीटर. विकणारा म्हणाला, "ट्रान्समिशन सर्व्हिस झालेलं आहे." ट्रान्समिशन म्हणजे गिअरबॉक्सच. कधी? कुठे? कुठलं तेल घातलं? त्यावर नुसतं हसू. कागद एकही नाही. मागे ट्रेलर ओढायचा गोळा मात्र घासून घासून चकाकत होता. तो बघूनच मला कळायला हवं होतं की या गाडीने आयुष्यभर कुणाची तरी बोट ओढली आहे.

दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना बारीक झटका बसायला लागला. म्हटलं, तेल बदलून टाकू. तेल! बदलायचं! केवढा हा गुन्हा!

पहिल्या वर्कशॉपमध्ये काउंटरवरचा माणूस म्हणाला, लाइफटाइम तेल आहे, म्हणजे गाडी आहे तोवर बदलायचं नाही, हात लावू नका. दुसऱ्याने सांगितलं की मशीन लावून सगळं फ्लश करू, म्हणजे जुनं तेल ढकलून बाहेर काढू, पण एक लाख मैलांच्या वरच्या गाडीला आम्ही करत नाही. तिसरा म्हणाला, इतकी वर्षं बदललं नसेल तर आता बदलूच नका, जुन्या तेलावरच गिअरबॉक्स तग धरून आहे, नवं घातलंत की बसेल. म्हणजे वेळेवर बदलायची गरज नाही, आणि वेळ टळली की बदलायचं नाही. मग बदलायचं कधी? मुहूर्त काढून?

या तिसऱ्याच्या बोलण्यात तथ्य आहे ते एवढंच, की क्लचच्या चकत्या आधीच संपल्या असतील तर नवं तेल त्या परत उगवून देत नाही. लोक मरायला टेकलेला गिअरबॉक्स घेऊन जातात, तेल बदलतात, आठवड्याने तो मरतो आणि खापर तेलावर फुटतं.

शेवटी गाडीचं पुस्तक काढलं. आणि बघा, मागच्या पानांत, मुंगीच्या अक्षरात लिहिलेलं. साध्या वापराला १,५०,००० मैल. ट्रेलर ओढत असाल तर ३०,००० मैल. म्हणजे लाइफटाइम वगैरे काही नाही. आकडा आहे, छापलेला आहे, फक्त काउंटरवरच्या माणसाने तो वाचलेला नाही.

मग दुकानात गेलो. एका भिंतीवर नुसतं ट्रान्समिशनचं तेल. डेक्सरॉन सिक्स, मर्कॉन व्ही, मर्कॉन एलव्ही, त्याहून पातळ यूएलव्ही, एटीएफ प्लस फोर, डब्ल्यूएस. वेगवेगळ्या गाडी कंपन्यांनी आपापल्या तेलांना दिलेली ही नावं. डेक्सरॉनच्या मागचं व्हीआय म्हणजे रोमन सहा. एलव्ही रोमनमध्ये वाचलं तर पंचावन्न होतात, पण इथे त्याचा अर्थ लो व्हिस्कॉसिटी, म्हणजे पातळ. ही नावं ठेवणारी माणसं बारशाला आत्याला बोलावत नसणार. आणि व्ही व एलव्ही यांत एका अक्षराचा फरक, तरी एकाच्या जागी दुसरं चालत नाही. एक दाट, एक पातळ.

त्यात "डेक्स-मर्क" असं अर्धवट नाव लिहिलेले स्वस्त कॅन. जुन्या डेक्सरॉन थ्रीचं लायसन्स २००६ च्या अखेरीस संपलं, त्यामुळे पूर्ण नाव लावता येत नाही, मग अर्धं लावायचं. आणि सगळ्यात वर ती "सर्व गाड्यांना चालेल" वाली बाटली. मागे बारीक अक्षरांत पन्नास नावांची यादी. त्या पन्नास गाड्यांना चालेल असं कोण म्हणतं? बाटली म्हणते! गाडी बनवणाऱ्या कंपनीने तेलाला लायसन्स देणं वेगळं आणि आपणच आपल्याला "योग्य" म्हणवून घेणं वेगळं. उपवर मुलाने स्वतःच स्वतःची शिफारस करावी तसलं हे.

कुणी म्हणेल, तेलच ना, एवढं काय? अहो, हे तेल नुसतं वंगण नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर नावाचा तेलाने भरलेला डबा असतो, त्यातून इंजिनाची ताकद पुढे हेच नेतं, क्लच दाबतं हेच, उष्णता वाहून नेतं हेच. आणि वर क्लचला पकडू द्यायचं पण झटका बसू द्यायचा नाही, ही कसरतही याचीच. त्या मऊपणासाठी अमेरिकेत एके काळी यात चक्क स्पर्म व्हेलचं तेल घालायचे, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत. देवमासा वाचला ते बरंच झालं. आता मला वाचवा.

पुस्तकात होतं ते एलव्ही घेतलं आणि शनिवारी कामाला लागलो. गिअरबॉक्सच्या खालच्या पॅनला, म्हणजे तेलाच्या तसराळ्याला, ड्रेन प्लग नाही, तेल सोडायचा बोल्टच नाही. इंजिनाला आहे, गिअरबॉक्सला नाही! एक बोल्ट जास्त बसवायला काय खिशातले जात होते? त्याऐवजी पॅनभोवतीचे सगळे बोल्ट काढायचे. ओहायोत हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात, बोल्ट गंजून लोखंडाची भजी झालेली. एक तुटता तुटता राहिला. शेवटचे दोन सैल केले, पॅन एका कोपऱ्यातून तिरका करायला गेलो आणि तेल चारही बाजूंनी सुटलं. मनगटावरून कोपराला, कोपरावरून स्वेटशर्टच्या बाहीतून थेट काखेत. लाल असतं म्हणतात. माझं तपकिरी होतं, करपलेल्या फोडणीच्या वासाचं. पॅनमधल्या लोहचुंबकावर काळं लोणी साचलेलं. बोटावर घेऊन उजेडात धरलं. धातूचे कण असते तर आतलं काही तुटतंय असं समजायचं. कण नव्हते, नुसती झिजेची पेस्ट. दिवसभरातली तेवढी एकच चांगली बातमी.

आणि एवढं करून निघालं किती? पाच क्वार्ट. एक क्वार्ट म्हणजे लिटरला थोडं कमी. आत मावतं तेरा. बाकीचं आठ क्वार्ट कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरच्या नळ्यांत ऐटीत बसून राहतं. म्हणजे एका फेऱ्यात ३८ टक्के नवं. दुसऱ्यात ६२. तीन वेळा हा सगळा तमाशा केला तरी जेमतेम ७७. तीन शनिवार, पंधरा बाटल्या, आणि पाव हिस्सा तरीही त्या बोट ओढणाऱ्याचाच!

भरायचं कुठून? वरून नाही. गिअरबॉक्सच्या कुशीत एक नट, तो खोलायचा आणि खालून हातपंपाने तेल वर चढवायचं. त्याच नटाच्या आत बोटाएवढी प्लास्टिकची काडी, हीच डिपस्टिक, तेलाची पातळी बघायची काठी. तेल तापल्यावर, इंजिन चालू ठेवून, गाडी सपाट जमिनीवर असताना ही काडी बघायची. तिच्या शेजारून सायलेन्सरचा पाइप जातो. मनगटावर रुपयाएवढा फोड आलाय, इथे टाइप करताना टेबलाला लागतोय.

मामाला फोन केला. तो एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून रिटायर झाला, आयुष्य गिअरबॉक्स उघडण्यात गेलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अरे, पण वरून काठी घालून का नाही बघत?" म्हटलं, मामा, वरून काठीच दिलेली नाही. तो थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "व्हिडिओ कॉल कर, मला दाखव." दाखवलं. "हे कोणी केलं?" मामाचा आवाज चढला. तेच तर मी विचारतोय, मामा!

झटका कमी झालाय, गेलेला नाही. ड्राइव्हवेवर मोठा तेलकट डाग पडलाय. बायकोने तेल शोषायला मांजराच्या शी-शूसाठीच्या मातीची पिशवी आणून त्यावर ओतली. आमच्याकडे मांजर नाही. शेजारीण काल विचारत होती, मांजर कधी पाळलंत म्हणून. दुसरा फेरा पुढच्या शनिवारी, फोड बसला तर.