लाल टोपीच्या आधीची चार वर्षं

कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशियस यांचं नाव निघालं की 'पहिले भारतीय कार्डिनल (कॅथलिक चर्चमध्ये पोपच्या खालोखालचं पद), १९५३' एवढं सांगून लोक मोकळे होतात. फार तर १९६४ मध्ये पोप सहावे पॉल मुंबईच्या ओव्हल मैदानावर आले, ते. कळसाला हात जोडून देऊळ न बघताच परतावं, तसं हे झालं.

खरी गंमत १९४६ ते १९५० मध्ये आहे. मुंबईच्या कॅथलिकांवर सव्वाशेहून जास्त वर्षं दोन अंमल होते: पोर्तुगालचा पाद्रोआदो, म्हणजे राजाला मिळालेला चर्च चालवण्याचा हक्क, आणि थेट रोमचा प्रोपगंडा, म्हणजे पोपचं धर्मप्रसार खातं. पोर्तुगाल आणि रोममधल्या १९२८ च्या करारानं कारभार एक झाला, पण कलम असं घातलं की आर्चबिशप, म्हणजे मुंबईच्या चर्चचा प्रमुख, पाळीपाळीनं पोर्तुगीज आणि ब्रिटिश असावा. आधी पोर्तुगीज लिमा आले, १९३७ ला जेझुइट धर्मसंघाचे इंग्रज रॉबर्ट्स. भारतीयाची पाळी? या हिशोबात ती कधीच येत नव्हती!

रॉबर्ट्सनी सरळ राजीनामा दिला असता तर खुर्ची परत पोर्तुगीजाकडे गेली असती. म्हणून त्यांनी खुर्ची सोडली नाही, फक्त मुंबई सोडली. कराचीत जन्मलेले गोवेकर ग्रेशियस २९ जून १९४६ ला सहायक बिशप झाले आणि सगळा कारभार त्यांच्यावर आला. यातली जोखीम मोठी होती. सहायक बिशपला वारसाहक्क नसतो. रॉबर्ट्स मध्येच वारले असते, तर चार वर्षांची मेहनत कलमाखाली गाडली गेली असती. जुलै १९५० मध्ये पोर्तुगालनं हक्क सोडला आणि डिसेंबरात ग्रेशियस आर्चबिशप झाले. माझ्या मते यातलं निम्मं श्रेय रॉबर्ट्सचं. त्यांची आठवण मात्र कोणी काढत नाही.

आणि टोपी? कार्डिनल झाल्यावर मिळालेली ती लाल टोपी कुलाब्याच्या होली नेम कॅथेड्रलमध्ये आहे. रुंद काठाची, गोंड्यांची. ती रोज घालायची नसतेच. समारंभात क्षणभर डोक्यावर धरली की पेटीत. कार्डिनल वारल्यावर ती छताला टांगायची आणि आपोआप झिजू द्यायची, अशी जुनी रीत. १९६९ मध्ये रोमनं ती टोपीच बंद केली.

वारसाची सोय या वेळी वेळेवर झाली. १९७७ मध्ये मरोळचे सायमन पिमेंटा को-अॅडज्युटर, म्हणजे वारसाहक्क असलेले सहकारी आर्चबिशप, नेमले गेले. ११ सप्टेंबर १९७८ ला ग्रेशियस गेले आणि त्याच दिवशी पिमेंटा आर्चबिशप झाले. लिस्बनला विचारायचं कारणच उरलं नव्हतं.